तिसऱ्या दिवसाचं दुखणं

"सगळं नॉर्मल आहे."

आठ महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता कुणी ते उच्चारलं की हातात लाटणं नसलं तरी माझी बोटं आवळतात.

माझी सून बस चालवते. म्हणजे चालवायची. चांगली चाळीस सीटांची बस. एकदा बाजारातल्या बोळात समोरून दुसरी बस आली, तर हिने आपली बस मागे घेत घेत थेट डेपोत नेऊन लावली, आणि आतल्या लोकांना शेवटपर्यंत वाटत होतं आपण पुढेच चाललोय. बरं, हे मी थोडं वाढवून सांगितलं. पण थोडंच.

गेल्या वर्षी घरातल्या सगळ्यांना ताप आला. मुलगा चार दिवसांत उठला, मी आठ दिवसांत. सूनही उठली, कामावर गेली, आणि महिन्याभरात अशी बसली की बसलीच. दहा तास झोपली तरी चेहरा दगड फोडून आल्यासारखा. दात घासायला स्टूल, आंघोळीला उलटी बादली. बोलता बोलता शब्द सापडायचे नाहीत. किल्लीला म्हणायची, "ते... दाराचं."

आमच्या कोपऱ्यावर दवाखाना आहे. तिथला डॉक्टर कुणालाही आठवं मिनिट देत नाही, म्हणून सगळी गल्ली त्याला सातमिनिट्या म्हणते. माणूस वाईट नाही. बोलणं गोड, हात स्वच्छ, पण डोळे कॉम्प्युटरला चिकटवलेले. त्याने रक्त तपासलं, थायरॉईड तपासला, साखर तपासली, छातीचा फोटो काढला. सगळं नॉर्मल.

"घरात काही टेन्शन?" हे विचारताना मेल्याने माझ्याकडे बघितलं! घरात सासू आहे ना, मग झालं निदान.

"रोज अर्धा तास चाला," म्हणाला. "मन रमवा."

ती गरीब गाय. चालली. त्या दिवशी बरी, दुसऱ्या दिवशी बरी, आणि तिसऱ्या दिवशी अशी कोसळली की पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरवेना. हे दर वेळचं. आज काही केलं की आज काही होत नाही, परवा होतं.

आणि आमचा मूर्खपणा ऐका. दवाखान्यात जायचं म्हटलं की आधी दोन दिवस मी तिला काडी इकडची तिकडे करू द्यायची नाही. का, तर तिथपर्यंत पोचता यावं. मग ही केस विंचरून, इस्त्रीचा युनिफॉर्म घालून निघायची. "आई, आजारी दिसत चारचौघांत जायला लाज वाटते हो." आणि तो लिहायचा, पेशंट टवटवीत, हसतमुख. दोन दिवस झाकून ठेवलेली भाजी ताजीच दिसणार ना!

त्यात माझं तोंड. एकदा मी म्हटलं, "डॉक्टर, चार दिवस झोपून होती हो. पाखरांनी केसांत घरटं बांधलं, पिल्लं मोठी होऊन उडूनसुद्धा गेली!" डॉक्टर हसला, नर्स हसली, आणि सात मिनिटं संपली.

घरी येताना मुलगा म्हणाला, "आई, तुझ्या त्या पिल्लांनी तिचं खरंही खोटं करून टाकलं."

जिव्हारी लागलं. लागणारच, खरं होतं ते.

मग डेपोचं पत्र आलं. शनिवारपर्यंत डॉक्टरचा फॉर्म द्या. फिट असाल तर सोमवारी गाडीवर या, नसाल तर आजाराचं नाव आणा. दोन्ही नसेल तर नोकरी संपली. आता नाव कुठून आणायचं? बाजारात मिळतं?

बुधवारी गेलो. सातमिनिट्याने तिला दवाखान्याचा जिना दोनदा चढायला लावला. आणि ही मानी पोर नर्सच्याही आधी वर!

"बघा, ठणठणीत," तो म्हणाला. "शनिवारी फिटचा फॉर्म घेऊन जा."

"डॉक्टर, तिला परवा बघा," मी म्हटलं.

"परवा का?"

"परवा पडते ती."

"आजी, आता घरट्याचं काय झाडच उगवलं वाटतं डोक्यावर?"

नर्स पुन्हा हसली. माझ्या अंगाची लाही लाही झाली. सोमवारी ही चाळीस माणसं घेऊन रस्त्यावर निघणार, आणि चौकात लाल दिवा म्हणजे काय हेच हिला आठवलं नाही तर?

शुक्रवारी सकाळी ती उठली नाही. उशीवरून मानसुद्धा वळेना. मुलाने दवाखान्यात फोन केला, तर उत्तर आलं, "पेशंटला घेऊन या."

"कशी आणू? घडी घालून?" तो ओरडला, पण तोवर तिकडून फोन ठेवलेला. "आई, ते घरी येतात फक्त म्हाताऱ्या माणसाला सिरियस झालं तर."

"मग म्हातारी आहे की घरात."

"आई, नको हं!"

पण नंबर लावून झाला होता. पिल्लं नाही, घरटी नाही, मी एवढंच म्हणाले, "छातीत दुखतंय. घाम आलाय. लवकर या." वीस मिनिटांत सातमिनिट्या धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर. आठ महिने खरं सांगत होते तेव्हा हा माणूस खुर्चीतून हलला नाही, आणि सहा शब्दांच्या थापेवर धावत आला!

मी दारातच उभी.

"आजी, झोपा आधी! काय होतंय?"

"राग येतोय."

क्षणभर त्याला कळेना. कळलं तसा लालबुंद झाला. "अकरा पेशंट बसवून आलोय मी! याच वेळी कुणाला खरोखर अटॅक आला असता तर?"

"तर पाप माझ्या माथी. द्याल त्या शिव्या खाईन. पण आलाच आहात तर आधी आत बघा. आज तिसरा दिवस आहे."

तो आत गेला. खिडकीला चादर लावलेली, सुनेच्या डोळ्यांवर ओला टॉवेल. त्याने नाव विचारलं तेही दोन तुकड्यांत आलं. झोपलेली असताना नाडी मोजली, चौऱ्याहत्तर. मग आम्ही दोघांनी धरून तिला भिंतीला टेकवून उभं केलं. दोन मिनिटांनी एकशे दहा. पाच मिनिटांनी एकशे अठ्ठावीस. पावलं जांभळी पडली, आणि ती भिंतीवरून ओल्या कपड्यासारखी खाली घसरली. त्यानेच धरली.

मग त्याने स्टूल ओढलं. घड्याळाकडे एकदाही बघितलं नाही. कधीपासून, कशाने वाढतं, झोपून उठल्यावर कसं वाटतं, किती दिवसांनी पडता. ती एक शब्द बोलायची, थांबायची. मधे मधे भर घालायला माझी जीभ नुसती सळसळत होती. मी ती दातांखाली धरून बसले.

पाऊण तासाने तो बाहेर आला. "याला नाव आहे. क्रॉनिक फटीग सिंड्रोम. एक-दोन गोष्टी अजून तपासून घेऊ, मोठ्या डॉक्टरांनाही विचारतो. पण हे एका रक्ततपासणीत सापडत नाही, आजी. विचारून, ऐकूनच सापडतं."

"मग आठ महिने काय विचारत होतात? सासू छळते का?"

तो पेनाचं टोपण काढत म्हणाला, "चालायला मीच सांगितलं. ते चुकलं. त्याने वाढलं असणार."

"औषध?"

"बरं करणारं औषध नाही. झोप, चक्कर, दुखणं यांवर देता येईल काही. आणि अंगात ताकद असेल त्याहून कमीच काम करायचं. बरं वाटलं त्या दिवशीसुद्धा."

फॉर्मवर त्याने लिहिलं, वाहन चालवण्यास अपात्र, आजाराचं नाव, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. मी म्हटलं, "आणि ते टवटवीत, हसतमुख? ते खोडा."

"जुनं खोडता येत नाही."

"मग या फॉर्मखाली लिहा की तुम्हाला दिसलं नाही."

त्याने लिहिलं. मी मोठ्याने वाचायला लावलं, त्याने वाचलं. जाताना म्हणाला, "असा फोन पुन्हा करू नका." मी म्हटलं, "अशी वेळ पुन्हा आणू नका."

मुलगा फॉर्म घेऊन डेपोत गेला आणि शिक्का मारून आला. नोकरी राहिली. तीन महिने रजा.

सुनेने टॉवेल न काढताच विचारलं, "सोमवारी जायचं नाही?"

"नाही."

"परत चालवेन ना मी, आई?"

अशा वेळी माझ्याकडे किती गोष्टी तयार असतात! ढगांवरून बस नेणाऱ्या बाईची होती, समुद्राच्या तळाशी स्टॉप असलेल्या बसची होती. एकही ओठांवर येईना. "माहीत नाही गं," म्हटलं.

ती भिंतीकडे वळली. मी स्वयंपाकघरात आले, मोठं पातेलं उचललं आणि जमिनीवर आपटायला हात वर नेला. आठ महिने! आठ महिने त्या पोरीला सगळे आळशी म्हणाले, आणि ती स्वतःही म्हणायला लागली होती.

पण आवाजाने तिचं डोकं फुटतं. मग मी ते पातेलं दोन्ही हातांनी, कडेचा खण्ण आवाजसुद्धा होऊ न देता, ओट्यावर ठेवलं.