जसं काढलं तसं

सुताराने नमुन्याची खाट खोलीच्या मधोमध ठेवली आणि सरसाचा डबा कठड्याच्या दोन दांड्यांमधून आरपार ढकलला. डबा अडकला तर नाहीच, घासलासुद्धा नाही. पलीकडे जाऊन ठणकन पडला.

"तान्ह्या बाळाचं डोकं असतं एवढंच," तो म्हणाला. "आता काय ते तुम्हीच बघा."

मालकीणबाईंचा चेहरा उतरला. कारखाना लहान मुलांच्या खाटा-खुर्च्यांचा, तिथे असली चूक म्हणजे साधी गोष्ट नव्हे. "मास्तर, दांड्या किती हव्या होत्या?"

मास्तर म्हणजे तिथले जुने चित्रकार. तीस वर्षं इथली प्रत्येक वस्तू आधी त्यांच्या पेन्सिलीतून कागदावर उतरत आली होती. "अकरा," ते म्हणाले. "डोळे मिटून सांगतो. नऊ कुणी केल्या ते कॉम्प्युटरला विचारा."

कॉम्प्युटर म्हणजे सूनबाई. मास्तरांची सून म्हणून ती कामाला लागली आणि बघता बघता सगळ्या कारखान्याचीच सूनबाई होऊन बसली. मास्तरांची चित्रं ती स्क्रीनवर उभी करायची. वस्तू चारी बाजूंनी फिरवून बघता येई, आणि तिच्या मापांवरून सुतार लाकूड कापत असे.

"चूक माझीच आहे," ती हळूच म्हणाली.

हे अगदी खोटंही नव्हतं, म्हणून तर जास्त लागत होतं. तीन महिने मास्तरांच्या चित्रांचं आपसात पटत नव्हतं. खुर्चीची पाठ समोरून एक उंची सांगायची, बाजूने दोन बोटं कमी. कागदावर कुणाच्या लक्षात यायचं नाही, कारण माणूस एका वेळी एकच चित्र बघतो. कॉम्प्युटरवर मात्र समोरचं, बाजूचं आणि वरचं, तिन्ही मिळून एकच वस्तू व्हावी लागते. पहिल्यांदा तिला वाटलं, घाई झाली असेल. मग ती गुपचूप जुळवून घेऊ लागली. सांगायचं जिवावर यायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी रेघ वाचता येत नव्हती. ह्याच माणसाने शेजारी बसवून शिकवलं होतं, "समोरचं चित्र आई, बाकीची तिची लेकरं. भांडण झालं तर आईचं ऐकायचं."

खाटेच्या वेळी तिने आईचं ऐकलं. समोरून दांड्या नऊ होत्या, वरून अकरा. एकदा विचारलं असतं तर काम झालं असतं. पण एक विचारायचं म्हणजे सगळंच सांगायचं.

"नमुनाच होता, निभावलं," मालकीणबाई म्हणाल्या. "पण यापुढे मास्तरांची चित्रं थेट मिस्त्रींकडे. मधे कॉम्प्युटर नको. सूनबाई, तू थोडे दिवस लेबलांचं बघ."

बाहेर आल्यावर मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस गं. यंत्राला कुठे अक्कल असते?" त्यांनी झापलं असतं तर बरं, असं तिला झालं. त्यांच्या दुसऱ्या हातात पुढचं चित्र होतं. दुमजली खाट, एक भावंड खाली, एक वर, चढायला शिडी. ते त्यांनी सुतारापुढे धरलं.

आता मधे कुणीच नव्हतं.

"बाबा, हे मला तासभर द्याल? शिकण्यापुरतं."

"घे बाई घे," सुतारच म्हणाला. "तोवर मी फळ्यांना रंधा मारून घेतो. फक्त शिडीला पंख लावू नकोस."

तीन महिन्यांत जे केलं नव्हतं ते तिने त्या तासात केलं. काहीही सुधारलं नाही. रेघ जुळवायला हात आपोआप पुढे व्हायचा, तो तिने आवरला. मग डोळे मिटून मनाशी म्हणाली, देवा, शब्द तेवढे तूच दे. आणि तिने मास्तरांना हाक मारली.

त्यांनी चष्मा लावला. स्क्रीनवर खाट सावकाश फिरत होती. एक पाय जमिनीला टेकत नव्हता. शिडी वरच्या खाटेच्या वीतभर अलीकडेच हवेत संपली होती.

मास्तरांना हसू फुटलं. "हे काय गं? शिडी कुठे निघालीय, ढगात?"

ती हसली नाही. तिने त्यांचा कागद समोर ठेवला, त्यावर फूटपट्टी ठेवली. "जसं काढलंय तसंच उभं केलंय, बाबा."

त्यांनी समोरचं चित्र मोजलं. बाजूचं मोजलं. परत मोजलं. तिसऱ्यांदा तर पहिलीतल्या पोरासारखं रेघेवर बोट ठेवून मोजलं. हसू ओठांवर तसंच राहून गेलं होतं.

"आजचंच ना हे?"

"तीन महिने झाले."

"आणि ती बाळाची खाट?"

"समोरून नऊ, वरून अकरा. मी आईचं ऐकलं."

ते स्टुलावर बसले. "म्हणजे मी चुकायचो, तू मागून निस्तरायचीस. आणि चारचौघांत मी तुलाच..." पुढचं त्यांनी गिळलं. "सांगायचं नाहीस?"

"धीर झाला नाही, बाबा."

"बाळाचं डोकं दांड्यांतून गेल्यावर झाला असता?"

तिने कागदावरची फूटपट्टी उचलली.

मास्तर कागद घेऊन उठले. ती मागोमाग गेली.

"मिस्त्री, रंधा थांबवा."

"का मास्तर, शिडीला खरंच पंख फुटले की काय?"

"चित्र चुकलंय. बाळाच्या खाटेचंही माझंच चुकलं होतं. नजर म्हणा, डोकं म्हणा, काहीतरी दगा देतंय. बाईंना मी सांगतो." ती पुढे झाली तसा त्यांनी हात आडवा केला. "तू इथेच थांब."

मालकीणबाईंच्या खोलीचं दार लागलं. सुतार बघतच राहिला आणि मग साफ असलेली फळी पुन्हा पुन्हा झटकू लागला.

परतताना बसमध्ये शेजारची जागा रिकामी असूनही ते पुढच्या बाकावर जाऊन बसले. उतरताना तिने सवयीने हात पुढे केला. त्यांनी दांडा धरला.

घराच्या दाराशी आल्यावर म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जायचंय."

"सकाळची वेळ घेते, बाबा."

"तू नको. त्याला रजा टाकायला सांग." त्याला म्हणजे मुलाला, तिच्या नवऱ्याला. "तू डॉक्टरपुढेही माझं सगळं जुळवून सांगशील."

"बरं," ती म्हणाली आणि कुलूप काढायला पुढे झाली.