सात माणसं, अकरा तंबू
सरकार शेवटच्या माणसापर्यंत पोचलं, ही या शतकातली सर्वांत थोर घटना होय. सिंदेवाहीच्या जंगलातल्या रेंगाटोलीत छप्पन साली ते वाघाच्या मागोमाग पोचलं. वाघ एक माणूस नेई, की चौकशीला दोन अधिकारी येत. चौकशी संपत नसल्यानं ते परत जात नसत. आता माणसं सातच उरली होती आणि तंबू अकरा झाले होते.

तळ्यावर जोडीनं जायची रीत होती. एकीनं घागर भरायची, दुसरीनं झाडीकडं बघायचं. गिरजाबाईची जोडीदारीण सोमवारी वाघानं नेली.

आज मोठे साहेब आले. "बाई, सरकारकडून आणखी काय हवं?"

सगळ्या अधिकाऱ्यांनी लेखण्या उघडल्या. तळ्याकडं भेकर भुंकलं; वाघ दिसला की ते असंच भुंकतं.

"काई नाई, साहेब," रिकामी घागर उचलत गिरजा म्हणाली. "एकजण माह्यासंग तळ्यावर चाला. मी पाणी भरेपर्यंत मांगं झाडीकडं पाहाजा."