सहा बोटांचा दशरथ

शेडमध्ये पन्नास माणसं होती आणि कुणी खोकतसुद्धा नव्हतं. लोहबाबांनी लेथच्या, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनच्या, अंगाला चिमटा टेकवला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागले. लेथचं दार सताड उघडं. आतला चक, म्हणजे लोखंडाचा तुकडा जबड्यात धरून फिरवणारी ती जाडजूड चकती, गप्प होती. बटणांपासून सगळे चार हात लांब. बाबा म्हणाले, "दशरथा, ऊठ." आणि चक फिरायला लागला.

बाया भिंतीला चिकटल्या. शेजारच्या गाळ्यातला पोपट, एरवी देवालाही उलट उत्तर देईल असा माणूस, त्यानं गुपचूप चपला काढल्या. बाबांनी चिमटा उचलला, "नीज" म्हणाले, आणि चक थांबला.

मीही घाबरले होते, पण कारण वेगळं होतं. दशरथ नावाचा माणूस कधी जन्मलाच नव्हता. तो मी बनवला होता, चहा पिता पिता.

सत्त्याण्णव सालची गोष्ट. धायरीत माझ्या मुलाचा, समाधानचा, छोटा कारखाना. कॉम्प्युटरवर चालणारा लेथ हवा म्हणून त्यानं एका बंद पडलेल्या कंपनीतून जुना उचलला. सोबत ना पुस्तक, ना वायरिंगचा नकाशा. चालवायची माझी सून दीपमाला, आयटीआय केलेली. मी कोपऱ्यात बसून तयार मालाच्या कडा कानसीनं घासायची आणि तोंडानं गप्पा हाकायची.

दिवाळीनंतर लेथ आपोआप फिरायला लागला. दार उघडं, म्हणजे खरं तर फिरायलाच नको, बटणाला कुणाचा हात नाही, आणि चक गरगर. समाधान धावत जाऊन मेन स्विच पाडायचा. एकदा आमचा कामगार बजरंग हातात फडकं घेऊन चक पुसत होता. फडकं आत ओढलं गेलं, त्याबरोबर त्याच्या अंगठ्याचं नख गेलं. आणि हे व्हायचं फक्त दीपमालाच्या पाळीत.

चहाला पोरं भेदरून बसलेली. मला राहवलं नाही. म्हटलं, "अरे, त्या कंपनीत दशरथ मिस्त्री होता. डाव्या हाताला सहा बोटं. सहावं याच लेथनं खाल्लं. तेच शोधतोय अजून." पोरांच्या हातातले कप हलायला लागले आणि मला काय गंमत वाटली म्हणून सांगू.

आठ दिवसांत बजरंगनं बाबा आणला. बाबा लेथभोवती फिरले, हवेत हुंगले आणि म्हणाले, "माई, कॉम्प्युटरच्या मेमरीत आत्मा अडकलाय. दिसतोय मला. दशरथ. डावा हात वर करतोय. सहा बोटं."

माझ्या हातातली कानस खाली पडली. जो माणूस कधी नव्हताच, तो याला दिसतोय?

मग त्यानं सुरुवातीला सांगितलं तसं सगळ्यांसमोर चक उठवून निजवला आणि फर्मान सोडलं. "सोमवारी अमावास्या. दुपारी बाराला मी याला उठवून पुन्हा निजवीन. हा हिच्याच पाळीत उठतो, म्हणून मग या दीपमालानं उजवा हात चकच्या जबड्यात ठेवायचा. ती निर्दोष असेल तर चक हलणार नाही."

घरी आल्यावर दीपमाला म्हणाली, "आई, मी ठेवते हात. नाहीतर एकही कामगार मशीनला शिवणार नाही म्हणतात. कारखाना बंद पडेल." चेहरा पांढराफटक होता पोरीचा.

मी दोघांना समोर बसवून सगळं कबूल केलं. समाधान म्हणाला, "आई, परवा तू सांगितलंस की तू सिंहगड उलटी चालत चढलीस. आज म्हणतेस दशरथ नव्हताच. मी कुठलं खरं धरू?"

आयुष्यात एकदा धडधडीत खरं बोलले, तर ही किंमत. रात्रभर मला दीपमालाचा हातच दिसत होता.

रविवारी सकाळीच शनिवार पेठेत गेले. तिथे नीरजा म्हणून मुलगी कारखान्यांच्या मशीनमधली जुनी इलेक्ट्रॉनिक सर्किटं दुरुस्त करायची. तिच्या वर्गातले सगळे सॉफ्टवेअरमध्ये गेले, हिला सोल्डरचा वास सुटेना. ती आली, पॅनेल उघडलं आणि म्हणाली, "बघू, भूत कुठल्या स्क्रूला जोडलंय."

नकाशा नव्हता म्हणून एकेक वायर मीटर लावून शोधली, चिकटपट्टीवर नंबर टाकले. चार वाजता दोन वायरी उरल्या. त्या लेथच्या पुढच्या बाजूला, एका बोटभर रुंद पितळी पाटीच्या मागे जात होत्या. पाटी काढली तर आत काचेची बारीक नळी, नळीत दोन पात्या.

"चुंबक जवळ आला की या पात्या चिकटतात," नीरजा म्हणाली. "मागे टायमर आहे. पंधरा सेकंदांनी चक फिरतो. दार उघडं ठेवून चक बघायला कुणीतरी केलेली चोरवाट. दीपमालाताई, तुम्ही असं काय करता जे बाकीचे करत नाहीत?"

"काहीच नाही." मग तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. हातात डायल होता, चकमधला तुकडा नीट मध्यभागी बसलाय का ते बघायचं घड्याळासारखं यंत्र. त्याचा स्टँड चुंबकाचा. बाकीचे तो टेबलावर ठेवायचे. ही मात्र दिवाळीत स्वतःच्या पगारातून घेतलेला म्हणून नजरेसमोर, बरोबर त्या पाटीवर चिकटवायची. आणि लेथ बिघडला की आधी डायल उचलून पदराआड घ्यायची, म्हणून कुणाला संशय आला नाही.

तिनं स्टँड पाटीवर लावला. आम्ही मोजायला लागलो. पंधराला चक फिरला. दीपमालानं स्टँड ओढून काढला. चक थांबला.

सोमवारी बाराला शेड पुन्हा भरली. नीरजानं चकची जोडणी काढून तिथे लाल बल्ब लावला होता आणि बल्ब माझ्या डोक्यावर टांगला होता. बाबांनी चिमटा टेकवला, पुटपुटले, ओरडले, "दशरथा, ऊठ." चक ढिम्म. बल्ब लागला. पुन्हा चिमटा, पुन्हा मंत्र. पुन्हा बल्ब.

नीरजा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाली, "मंत्र छान बसवलाय. पंधरा सेकंद, ना कमी ना जास्त."

पोपट म्हणाला, "दशरथ वीज मंडळात लागला वाटतं."

हसू फुटलं, पण घाबरलेलंच. समाधाननं चिमटा हिसकावून एका खिळ्याला लावला. खिळा चिकटून वर आला. मग मी उठले. "बजरंग, दशरथ मिस्त्री मी बनवला. पाच बोटं साधी वाटली म्हणून सहा दिली. तू ते याला सांगितलंस ना?" बजरंगनं मान खाली घालून हो म्हटलं.

बाबांची ऐट उतरली. खरं नाव कचरू निघालं. त्याच कंपनीत याच लेथवर बारा वर्षं काढलेली. "चोरवाट मीच केली होती," तो म्हणाला. "कंपनी बंद झाली. मशीनला गिऱ्हाईक मिळालं, मला नाही."

दीपमाला पुढे झाली. "आणि माझा हात?"

"ताई, निजवल्यावर मी चिमटा लांब नेणार होतो. चक फिरलाच नसता."

 तिनं डायलचा स्टँड घेतला आणि पाटीवर चिकटवला. शेडमधले सगळे मोजत होते, मनात. बल्ब लागला.

कचरू बल्बकडे बघत राहिला. कपाळावरचं भस्म घामानं ओघळलं. "हे मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "देवाशपथ, मला वाटलं आतून वायर शॉर्ट झाली असेल." त्याचा चिमटा लांब असता, तरी पाटीवरच्या तिच्या डायलनं चक फिरला असता आणि तिचा हात गेला असता.

म्हणून सांगते. भुताच्या गोष्टी मी मरेपर्यंत सांगणार. ऐका, घाबरा, हसा. पण गोष्टीतलं भूत कुणाचा हात मागायला लागलं, कुणा बाईला निर्दोष असल्याचा पुरावा मागायला लागलं, तर तिथेच थांबा. सगळ्यांना मागे सारा आणि जाणत्या माणसाला बोलवा. त्याला नुसतं एवढंच विचारा, ही वायर जाते कुठे? उत्तर मिळेपर्यंत कुणाचाही हात पुढे जाऊ देऊ नका.