बाजूची सीट

कपाटांच्या पलीकडून खोकल्याचा आवाज आला आणि त्याने हातातलं पुस्तक टेबलावर पालथं घातलं. तो खोकला त्याने भर बाजारातही ओळखला असता. आधी एक बारीक, मग जरा थांबून दोन ठसठशीत, हॉर्न वाजवून वाट मागितल्यासारखे. सासरे ग्रंथालयात आले होते.

तो खुर्चीत खाली सरकला. फळ्यांमधल्या फटीतून त्याला ते वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसताना दिसले. त्यांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पान झटकून सरळ केलं. बाहेर जायचं दार नेमकं त्यांच्या पाठीशी होतं. तिथवर पोचायचं तर त्यांच्या खुर्चीला खेटूनच जावं लागलं असतं. भूगोलाच्या कपाटापाशी एक खिडकी होती, पण तिला गज होते. गाडी शिकायला येणारी पुढच्या धड्याची बाई बसस्टॉपवर त्याची वाट बघत उभी असणार, हे माहीत असूनही तो बसून राहिला. सासरे अग्रलेखापासून शब्दकोड्यापर्यंत सगळं उरकून उठले, तेव्हा कुठे त्याने पुस्तक सुलटं केलं.

सासऱ्यांना सगळं गाव मास्तर म्हणत असे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नव्हतं. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं आणि गावातल्या निम्म्या लोकांचा हात त्यांनीच स्टिअरिंगवर बसवला होता. तोही त्यांतलाच एक. गाडी शिकायला आला, ऑफिसात फोन घेणाऱ्या मास्तरांच्या मुलीशी ओळख झाली, लग्न झालं. पुढे थोड्याच दिवसांत मास्तरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. मी उभा राहीपर्यंत तेवढे धडे सांभाळा, असं त्यांनी जावयाला म्हटलं. गुडघा बरा झाला, मास्तर पहाटे उठून टेकडी चढून येऊ लागले, आणि जावई मात्र बाजूच्या सीटवर बसला तो बसलाच. आता त्याची मुलगी कॉलेजात जायला आली होती.

दिवसभर तो त्या सीटवर असे. कुणी वळणावर डोळे मिटून घेई. कुणी समोर ट्रक दिसला की दोन्ही हात सोडून त्याचा दंड धरी. एक निवृत्त हेडमास्तर गिअर टाकायच्या आधी दर वेळी त्याची परवानगी मागत. तो ठरलेल्या आवाजात ठरलेली वाक्यं बोले: क्लच दाबा, घाबरू नका, मी आहे. संध्याकाळी घरी जेवायला बसल्यावरही त्याचा उजवा पाय आपोआप फरशी दाबत राही. बायको ते बघे आणि पुढची पोळी वाढे. ज्याला तो शिकवी, तो एक दिवस परीक्षा पास होऊन आपली गाडी घेऊन कुठेतरी निघून जाई. याची गाडी स्टेडियम, पोस्ट, दवाखाना, पुन्हा स्टेडियम अशीच फिरत राही.

ग्रंथालयात तो पहिल्यांदा गेला तो नुसता उन्हाचा. एक धडा ऐन वेळी रद्द झाला होता आणि आत पंखे होते. कोपऱ्यात 'व्यवसाय मार्गदर्शन' अशी पाटी होती आणि तिच्याखाली ग्रंथपाल बाई एका फाटक्या पुस्तकाला डिंक लावत बसल्या होत्या. कुणासाठी माहिती हवी, असं त्यांनी मान वर न करता विचारलं.

"मुलीसाठी," तो म्हणाला.

खोटं बोलायचं त्याच्या मनात नव्हतं. तोंडातून निघून गेलं. बाईंनी मुलीला काय आवडतं ते विचारलं. तो विचारात पडला. बराच वेळ विचार करूनही त्याला एकच गोष्ट सुचली.

"गप्प बसायला आवडतं तिला."

बाई हसल्या नाहीत. उठल्या आणि तीन-चार पुस्तकं काढून घेऊन आल्या. त्या दिवसापासून धडा रद्द झाला की तो तिथे जाऊ लागला, आणि धडा रद्द नसला तर कधीकधी तो करवू लागला. गाडी मागच्या गल्लीत लावी. छतावर स्कूलची पिवळी पाटी असलेली गाडी कुठे लपत नाही, हे त्यालाही कळत होतं.

आधी त्याने नकाशे काढण्याचं काम वाचलं, मग जुनी कागदपत्रं दुरुस्त करण्याचं, मग दीपगृहांवरच्या नोकऱ्या. ही सगळी कामं करणारी माणसं जगात आहेत, सकाळी उठून तिथे जातात, याचंच त्याला नवल वाटे. एकदा बाईंनी हवामान निरीक्षकाच्या कामाची माहिती पुढे ठेवली. उघड्या मैदानात पांढरी पेटी, तिच्यात तापमापक. ठरलेल्या वेळी जाऊन ते वाचायचे, वाऱ्याची दिशा टिपायची, आणि मान वर करून आभाळाचा किती भाग ढगांनी झाकलाय ते ठरवायचं. तो परिच्छेद त्याने पुन्हा वाचला. मग बोट ठेवून पुन्हा. जिथे बसून समोरचं आभाळ कधी पूर्ण दिसत नाही, अशा जागेवर त्याची उमेदीची वर्षं गेली होती. काच जेवढं दाखवील तेवढं, आणि त्यातही बाजूच्या माणसाच्या हातांकडे अर्धं लक्ष.

"सरकारी भरतीला वयाची अट आहे," बाई म्हणाल्या. "पण मुलीला काही अडचण नाही."

तो पुस्तकाकडे बघत राहिला. पंख्याने एक पान उलटलं, ते त्याने परत उलटवलं नाही.

बाईंनी डिंकाच्या बाटलीला बूच लावलं. "विद्यापीठाचं एक हवामान केंद्र आहे," त्या आवाज उतरवून म्हणाल्या. "तिथे सहायक घेतात. आधी संध्याकाळचा एक वर्षाचा कोर्स करावा लागतो. त्याला वयाची अट नाही. जून उजाडला की प्रवेश."

सासऱ्यांचा खोकला ऐकू आला तेव्हा तो त्याच कोर्सचं पुस्तक वाचत होता.

दोन दिवस मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी पाहिलं नसावं, असं त्याने स्वतःला बजावलं. तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाला ते मुलीकडे आले. हात धुऊन बसले, दोन घास खाल्ले आणि ताटाकडे बघतच म्हणाले, की वकिलाशी बोलणं झालंय. स्कूल, दोन्ही गाड्या आणि ऑफिसची जागा, सगळं जावयाच्या नावावर करतोय. पाटी रंगवायलाही सांगितलीय.

मग त्यांनी मान वर केली. त्यांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"जावईबुवा, मला दिसतं सगळं. माझीच चूक झाली. माणूस दुसऱ्याच्या दुकानात कंटाळणारच. आपलं म्हटलं की नाही कंटाळत."

नाही म्हणायचं तर आत्ताच म्हणायला हवं, हे त्याला कळत होतं. पण म्हातारा माणूस आयुष्यभराची कमाई ओंजळीत धरून समोर बसला होता. ती ओंजळ कशी परतवायची ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तो "कशाला एवढी घाई" असं काहीतरी पुटपुटला. मास्तरांनी तो विनय समजून त्याच्या पाठीवर हात ठेवला. जड, उबदार हात होता तो, आणि बराच वेळ तिथेच होता.

बायकोने पाण्याचा तांब्या मधोमध ठेवला आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या धड्याच्या आधी ती दोघंच ऑफिसात होती. ऑफिस म्हणजे एक खोली: भिंतीवर वाहतूक चिन्हांचे तक्ते, एक टेबल, त्यावर फोन. ती टेबल पुसत होती. तो किल्ली घ्यायला आला होता, पण ती हातात घेऊनही गेला नाही. तसाच उभा राहून त्याने तिला ग्रंथालयाचं सांगितलं. मुलीचं नाव पुढे करून केलेली चौकशी, हवामान केंद्र, संध्याकाळचा कोर्स, सगळं. सांगताना तो किल्लीकडे बघत होता.

ती पुसत राहिली. गाडी ग्रंथालयामागे असते हे तिला कधीपासून माहीत होतं, असं ती म्हणाली. बसस्टॉपवर ताटकळलेली माणसं फोन तिलाच करत. सर दुसऱ्या धड्यात अडकलेत, असं ती त्यांना सांगत आली होती.

"मग मला बोलली का नाहीस?"

"म्हटलं, निदान एक जण तरी कुठेतरी जाऊन बसतोय."

फडकं टेबलाच्या एकाच कोपऱ्यावर फिरत होतं. तो कोपरा केव्हाच स्वच्छ झाला होता.

"बाबांनी काल तुम्हाला विचारलं नाही," ती म्हणाली. "पण मलाही नाही विचारलं."

"काय?"

तिने फडकं घडी करून ठेवलं. मग बोलू लागली, आणि तिचा आवाज फोनवरचा राहिला नव्हता. कोण कशाला घाबरतं हे तिला पहिल्या फोनला कळतं. नवऱ्यासमोर हात थरथरतात अशा बायका तिला तसं सांगतात. त्यांना बाई शिकवणारी हवी असते, आणि आमच्याकडे नाही म्हटल्यावर त्या फोन ठेवून देतात. तिला वेळापत्रक वेगळं लावायचं होतं, उताराचा सराव पुलाऐवजी मैदानामागे न्यायचा होता. हे सगळं ती खोलीत बसून वर्षानुवर्षं मनातल्या मनात चालवत आली होती. आणि मास्तरांच्या या मुलीला स्वतःला गाडी येत नव्हती. अठराव्या वाढदिवसाला तिने हट्ट धरला होता. तू गाडीत बसलीस तर फोन कोण घेणार, असं मास्तर हसत म्हणाले होते. तीही हसली होती.

तो ऐकत होता. आपण गप्प बसायची जागा शोधत इतक्या दुपारी हिंडलो आणि इथे कुणी इतकं गप्प बसून होतं, हे त्याला आता दिसत होतं. त्याने किल्ली टेबलावर ठेवली.

"तुला हवंय हे?"

तिने किल्लीवरची नजर काढली नाही.

मास्तरांना सांगायला ती दोघं बरोबरच गेली. बोलली ती. तो नुसता शेजारी उभा राहिला, आणि आपल्यालाही हे नकोय एवढंच मधे एकदा म्हणाला. मास्तर आधी चिडले, मग दुखावले, मग उठून अंगणातला नळ घट्ट बंद करून आले. जावयाला त्यांनी एकच प्रश्न विचारला, की त्या केंद्रात नेमकं करायचं तरी काय असतं.

"आभाळ बघायचं."

"आणि?"

"आणि लिहून ठेवायचं."

मास्तरांनी हा माणूस कामातून गेला अशी मान हलवली. मुलीकडे बघणं त्यांना जमलं नाही. वकिलाला फोन करायला त्यांनी पुढे आठवडा लावला. पाटीवाल्याला मात्र लगेच थांबायला सांगितलं. जूनपर्यंत काहीच ठरलेलं नव्हतं. जावयाचे धडे चालूच होते, स्टेडियम, पोस्ट, दवाखाना.

मग एके सकाळी तो ऑफिसात आला तर गाडी दारात सुरू होती. बाजूच्या सीटवर मास्तर बसले होते, सदऱ्याचं वरचं बटण लावून, सरळ समोर बघत. स्टिअरिंगवर त्याची बायको होती. आरसे लावून झाले होते. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिला तेव्हा कुणाकडे बघायला फुरसत नव्हती. गाडीने एक गचका खाल्ला, बंद पडली, परत सुरू झाली आणि हळूहळू गल्लीच्या तोंडाशी जाऊन वळली.

फोन वाजू लागला. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं. तो तिच्या खुर्चीत बसला. त्या खुर्चीतून खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत तेवढी दिसत होती, प्लॅस्टर उडालेली. त्याने फोन उचलला. पलीकडे एक बाई होत्या, बिचकत बोलत होत्या.

"मॅडम नाहीत का?"

"गाडी घेऊन गेल्यात."

"कधी येतील?"

त्याने रस्त्याकडे कान दिला. इंजिनाचा आवाज ऐकू येईनासा झाला होता.

"काही सांगता येत नाही," तो म्हणाला.