झाडाकडे निघालेली खेळणी

माझा धाकटा भाऊ गार्थ आणि त्याची बायको नोरीन वेगळे झाले, तेव्हा भांडण कशावरूनच झालं नाही. घर त्याला, गाडी तिला, मुलं तिच्याकडे आणि एकाआड एक शनिवार-रविवार त्याच्याकडे. ख्रिसमसचंही ठरलं, एक वर्ष आईकडे, एक वर्ष बापाकडे. पहिलं वर्ष नोरीनच्या वाट्याला गेलं. ती मुलांना घेऊन रेजायना शहरात राहायला गेली होती. आम्ही मूस जॉमध्येच होतो. अंतर तासाभराचं, पण हिवाळ्यात इथल्या प्रेअरीच्या उघड्या माळावर वारा सुटला की तो तासही खरा नसतो.

"आमच्याकडे ये जेवायला," मी त्याला म्हटलं. "टर्की आहे, आईच्या पद्धतीचे पिरोगी करतेय, बटाट्याचं सारण भरून."

"नको, आयरिन."

"का रे? घरात बसून भिंती मोजणार?"

"तुझी पोरं भेटवस्तू फोडणार आणि मी कोपऱ्यात बसून बघणार. तुम्ही सगळे माझ्याशी आजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलणार. त्यापेक्षा भिंती बऱ्या."

गार्थ नगरपालिकेचा बर्फ काढायचा ट्रक चालवायचा. पहाटे अंधारात निघायचा, गाव उठायच्या आत रस्ते मोकळे करून ठेवायचा. मुळातच फार बोलायचा नाही, त्या डिसेंबरात तर अगदीच गप्प झाला. तरी ख्रिसमसचं झाड मात्र आणलं त्याने. सहा वर्षांच्या टेसाने फोनवर विचारलं होतं, "बाबा, झाड आणलंस ना?" आणि नाही म्हणायचं त्याच्या जिवावर आलं. झाडाला लावायचे गोळे, चांदण्या, सगळं नोरीन घेऊन गेली होती. दिव्यांची एक माळ तेवढी राहिली होती. ती गुंडाळून त्याने झाड बैठकीच्या खिडकीशी उभं केलं.

त्या डिसेंबरात वादळांनी रस्ता बंद पडून मुलांचे शनिवार-रविवार हुकत गेले होते आणि त्यांच्या खोलीत खेळणी जिथली तिथे पडली होती. ती त्याने उचलली नव्हती. पुढचं सगळं त्याने मला नंतर सांगितलं. एके संध्याकाळी हीटर बघायला तो त्या खोलीत गेला आणि अनवाणी पायाखाली प्लास्टिकचा डायनोसॉर आला. एक शिवी हासडून त्याने तो उचलला. कुठे ठेवावा ते सुचेना, म्हणून हातात घेऊनच बाहेर आला. तेवढ्यात फोन वाजला. डायनोसॉर बोळात जमिनीवर ठेवून त्याने फोन घेतला.

टेसा होती, रोज नोरीनच तिला फोन लावून द्यायची. रोजच्यासारखं झालं. जेवलीस का, हो. शाळा कशी, बरी. दादा काय करतोय, माहीत नाही. मग दोन्हीकडे शांतता. त्या शांततेची त्याला फार धास्ती वाटायची, असं तो म्हणाला. आता ही 'ठेवते' म्हणणार, हे दिसत होतं. आणि समोर बोळात तो डायनोसॉर उभा होता.

"टेसा, एक गंमत झालीय," तो म्हणाला. "तुझा डायनोसॉर खोलीतून बाहेर आलाय."

"कुठे चाललाय?"

"झाडाकडे, असं दिसतंय."

"एकटाच?"

"सध्या तरी एकटाच."

पलीकडे ती विचारात पडली. मग म्हणाली, "त्याला भीती वाटेल बाबा. हत्तीला पाठव त्याच्याबरोबर."

त्या दिवशी हत्ती निघाला. दुसऱ्या दिवशी टेसाने आपण होऊन फोन केला. मग कापडी ससा निघाला, लाकडी गाय निघाली, हिरवा ट्रॅक्टर निघाला. ट्रॅक्टरवर एका डोळ्याचं अस्वल बसवायचं, कारण त्याचे पाय दुखतात, हे टेसानेच ठरवलं. ती सगळी रोज थोडी थोडी पुढे सरकायची. गार्थ कामावरून आला की बर्फाचे बूट काढायच्या आधी गुडघ्यावर बसायचा आणि त्यांना हलवायचा. मग फोनची वाट बघायचा. आज स्वयंपाकघराच्या दाराशी सगळे अडलेत, कारण गाय पुढे यायला तयार नाही. आज सशाने मागे वळून पाहिलं. असली बातमी त्याला रोज जुळवावी लागायची. ज्या माणसाला बायको 'दगड' म्हणायची, तो ट्रक चालवताना गायीच्या मनात काय असेल याचा विचार करत होता.

यातलं मला तेव्हा काही ठाऊक नव्हतं. एक दिवस पिरोगी घेऊन मी त्याच्याकडे गेले, तर दारातच ओरडला, "पाय जपून!"

"हे काय मांडलंयस? वेडबीड लागलं का?"

"वाटेत आहेत ते. बाजूने ये."

मला हसू आलं. मी बाजूने गेले. ओट्याजवळ एक ताटली, एक काटा, एक कप धुऊन पालथा घातलेला. दुसरं भांडंच नाही. मी पिरोगी फ्रीजमध्ये ठेवले, निरोप घेतला आणि गाडीत बसून रडले.

ख्रिसमसच्या दिवशी त्याने मुद्दाम काम मागून घेतलं. दुपारी घरी आला, अंघोळ केली, चांगला शर्ट घातला आणि फोनपाशी बसला. त्या दिवसासाठी त्याने खास बातमी राखून ठेवली होती. सगळे बैठकीच्या उंबरठ्यावर पोचलेत आणि तिथून त्यांना पहिल्यांदा झाडाचे दिवे दिसतायत. फोन आला, पण पाठीमागे पाहुण्यांचा गलका होता. टेसाला नवी स्केट्स मिळाली होती, मावशीची मुलं आली होती, कोणीतरी तिला हाक मारत होतं.

"मेरी ख्रिसमस बाबा! स्केट्स गुलाबी आहेत! येते मी, केक कापतायत."

तिने खेळण्यांचं विचारलंच नाही. विसरली. सहा वर्षांची पोर, दोष कसला द्यायचा? गार्थ फोन ठेवून उठला आणि चांगल्या शर्टात उंबरठ्याशी, त्या रांगेच्या शेवटी, जमिनीवर बसला. बाहेर अंधारून आलं. त्याने घरातला दिवा लावला नाही. त्या दिवशी त्याने कुणालाच पुढे सरकवलं नाही. "सरकवून सांगणार कुणाला?" असं मला म्हणाला.

नवीन वर्षाच्या आधी मुलं आली. टेसा कोटासकट धावत आत गेली आणि उंबरठ्यावर थबकली.

"बाबा! अजून इथेच?"

"शेवटचा टप्पा तुझ्यासाठी ठेवलाय."

तिचा दादा कोलिन दहा वर्षांचा. आई-बापांवर तेव्हा सारखाच रागावलेला. तो टोपी न काढता उभा राहिला. "खेळण्यांना पाय नसतात, टेसा. बाबाच ठेवतो त्यांना."

"माहितीय मला," टेसा म्हणाली. "गप्प बस."

ती एकेकाला नेऊन झाडाभोवती बसवत राहिली. कोलिन खोलीत निघून गेला, दार आपटलं. थोड्या वेळाने परत आला. टेबल-हॉकीच्या खेळातला पत्र्याचा गोलकीपर त्याच्या हातात होता. "याला कोणीच नाही घेतलं," म्हणाला आणि त्याला झाडाच्या अगदी बुंध्याशी उभं केलं. मुलांची तोंडं दुसरीकडे असताना गार्थने बाहीने डोळे पुसले.

पुढचं वर्ष त्याच्या वाट्याचं होतं. वर्षभर तो त्या दिवसाकडे डोळे लावून बसला होता. डिसेंबरच्या सुरुवातीला मुलं शनिवार-रविवारी आली, तेव्हा त्याने खेळणी खोलीच्या दाराशी हौसेने मांडून ठेवली होती. टेसाने पाहिलं आणि कपाळाला आठी घातली.

"पण या वेळी आम्ही इथेच असणार ना?"

"हो. पूर्ण आठवडा."

"मग ही इथे कशाला चालतायत? आई एकटी असणार. मावशी या वर्षी येणार नाहीये."

गार्थ मला म्हणाला, "आयरिन, शप्पथ सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी एकटा होतो ते मला दिसलं. ती होईल ते नाही दिसलं."

रविवारी मुलांना सोडायला गेला तेव्हा त्याने खेळण्यांचं खोकं बरोबर घेतलं. नेहमी तो गाडीतूनच हात करायचा. त्या दिवशी पायऱ्या चढून दारापर्यंत गेला. मुलं आत पळाली. नोरीन हाताची घडी घालून दारात उभी.

"हे काय? तुझं अडगळीचं सामान माझ्याकडे टाकतोयस?"

"तुझ्यासाठी आहे. ख्रिसमसला."

"मोडकी खेळणी?"

त्याने सांगायचा प्रयत्न केला. नीट जमलं नाही. पण ती मधेच थांबली. "एक मिनिट. मागच्या वर्षी पोरगी रोज फोन घेऊन न्हाणीघरात जायची. दार लावून कुजबुजायची. मला वाटायचं, तू तिला माझ्याविरुद्ध काही भरवतोयस."

"गाय हटून बसलीय, असं सांगत होतो."

नोरीन त्याच्याकडे बघत राहिली. "तू?" ती म्हणाली. "तू हे बोलायचास?"

"हो."

"माझ्याशी तर कधी..." तिने वाक्य पुरं केलं नाही. थंडीने तिचे ओठ पांढरे पडले होते. खोकं तिने हातात घेतलं. "कुठून सुरू करायचं?"

"मुलांच्या खोलीतून. आणि सावकाश. घाई केलीस तर लवकर पोचतात, मग दिवस जाता जात नाही."

"एवढं कळतं मला," नोरीन म्हणाली आणि दार लावून घेतलं. ते दोघं पुन्हा एकत्र आले वगैरे काही झालं नाही. पण त्या ख्रिसमसला टेसा आमच्या गार्थच्या स्वयंपाकघरातून रोज रेजायनाला फोन लावायची आणि बटाटे सोलता सोलता त्याला पलीकडून नोरीनचं हसणं ऐकू यायचं. लग्नाच्या शेवटच्या वर्षांत ते त्याने ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून घरातली रीतच पडली. ज्याचं घर त्या वर्षी रिकामं, खोकं त्याच्याकडे. कोलिन उत्तरेला युकॉनमध्ये खाणीत कामाला लागला, तेव्हा ते पार्सलने तिकडे गेलं. ट्रॅक्टरचं चाक वाटेत निखळलं, ते त्याने तारेने बांधलं.

या वर्षी खोकं माझ्या दाराशी आलं. ऑक्टोबरात माझा नवरा व्हर्न गेला. मुलं व्हँकुव्हरला, त्यांना या वेळी जमत नाही. गार्थने खोकं बोळात ठेवलं, कॉफी घेतली आणि गेला. मी त्यांना मागच्या खोलीत व्हर्नच्या पलंगाजवळ मांडलं. मांडलं तेवढंच.

काल संध्याकाळी टेसाचा फोन आला. तिचं स्वतःचं बाळ मागे रडत होतं.

"आत्या, कुठवर आले?"

"अजून खोलीतच आहेत गं," मी म्हटलं. "मला आज त्यांना हलवायचं बळ नव्हतं."

"हरकत नाही," ती म्हणाली. "बाहेर बर्फ फार आहे ना. त्यांनीच ठरवलं असेल, आज नको म्हणून. मी उद्या विचारते."

"विचार," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावरही मी हात त्याच्यावर ठेवून बराच वेळ बसून राहिले.