रूबेनचा कोपरा

मोजणीची साखळी डॉर्कस व्हायब्रोच्या पायाशी येऊन थांबली, तरी म्हातारी हलेना. मोजणीदाराने वहीतून मान वर केली.

"आजी, जरा सरका."

"सरकते. आधी सांगा, या जागेचं नाव काय लिहिणार?"

१८४१ साल होतं. सफोकमधल्या त्या गावाचा पहिला सरकारी नकाशा तयार होत होता. उपाशी एकर, फाशीचा माळ, बुडीत कुरण. शेताचं जे नाव लोकांच्या तोंडी, तेच कागदावर उतरत होतं. चौरस्त्याच्या या तुकड्याला सगळं गाव रूबेनचा कोपरा म्हणे, फक्त डॉर्कसच्या देखत नाही. बावीस वर्षांपूर्वी तिच्या मुलाने, रूबेनने, गोठ्यात गळफास घेतला. असल्यांना चर्चच्या आवारात जागा नसे. त्याला इथे पुरलं, भूत होऊन भटकू नये म्हणून छातीत खुंटी ठोकून. वर ना दगड, ना क्रूस. ते नाव काढणाऱ्या पोरांना तिने काठीने झोडपलं होतं.

जमिनीचा मालक जोसाया पेल पुढे आला. माणूस एरवी फाटक्या तोंडाचा, पण आज नरमला.

"लिहा साहेब, बिननावाचा कोपरा. काय म्हातारे, झालं समाधान?"

"झालं. देव तुझं भलं करो."

मोजणीदाराने लिहिलं आणि साखळी उचलायला सांगितली. डॉर्कस चार पावलं गेली आणि परत वळली.

"साहेब, हा कागद किती दिवस राहतो?"

"आपण सगळे गेल्यावरही राहील, आजी."

"चर्चमध्ये पुरलेल्यांची वही असते. त्यात माझा मुलगा नाही. पाद्रीबाबांनी घातलाच नाही."

पेल आपल्या बुटांकडे बघू लागला.

"मग तो कुठे आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही की हो," ती म्हणाली. ते नाव दाबून एवढी वर्षं आपणच त्याची उरलीसुरली खूण पुसत होतो, हे तिला आत्ता कळलं. तिने काठी घट्ट धरली.

"खोडा ते."

"नक्की ना? मग काय लिहू?"

बावीस वर्षांत ते नाव तिच्या तोंडातून निघालं नव्हतं. ओठ हलले, पण आवाज फुटेना. पेलला राहवलं नाही. तो सांगायला गेला, तोच तिने त्याच्यावर काठी उगारली.

"तू गप्प बस. मी सांगते."