एक्केचाळीस हात

अंगणात बाया एकवीस, पाट्या एकवीस, हात एक्केचाळीस. खुशालराव मुकादमानं दोनदा मोजलं. आकडा तोच आला.

साल १८६४. अमेरिकेतल्या लढाईनं तिकडचा कापूस अडला होता आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाची वाट पाहत होत्या. अकोल्याच्या जुन्या शहराबाहेर, मोर्णेच्या काठी, एका कंपनीनं कापूस दाबून गठाणी बांधण्याचा यांत्रिक पेच बसवला होता. दाबण्याआधी कापसातला पालापाचोळा काढायला आठ दिवस बाया रोजानं येत होत्या. आज हंगामासाठी पक्क्या करायच्या होत्या. अमरावतीला जाताना साहेब इंग्रजीत चिठ्ठी ठेवून गेला होता. शेषराव कारकुनानं तिचा अर्थ सांगितला : चाळीस हात घ्यावेत.

"वीस बायांचे चाळीस झाले," मुकादम म्हणाला. "पार्बताबाई, तुहा एक उरला. घरी जाय."

पार्बताबाईचा डावा हात लहानपणी गाडीच्या चाकाखाली गेला होता. ती हलली नाही.

"माही सासू दोन हातांची आहे. तिले पाठवू काय? ती एका हातानं काम करते अन् दुसऱ्यानं मले मारते."

बाया हसल्या. मुकादम हसला नाही. "हुकूम साहेबाचा आहे, माहा नाही."

ती शेषरावाकडे वळली. शेषराव मुंबईत पदार्थविज्ञान शिकून आला होता. दुपारच्या सुटीत तो लिंबाखाली एक इंग्रजी कादंबरी वाचायचा आणि बाया विचारत म्हणून गोष्ट सांगायचा. गोष्ट एका गिरणीवाल्याच्या मुलीची आणि आरमारातल्या एका तरुणाची होती. पण त्या दोघांचं लग्न जमतं की नाही याची बायांना फारशी काळजी नव्हती. त्यांना गोष्टीमागचं हवं असे. गिरणीत कापूस कोणत्या मजल्यावर चढवतात? उडणाऱ्या तंतूंनी खोकला येतो का? जहाजावर चूल कुठे पेटवतात? लिहिणाऱ्या बाईनं हे सारं इतकं नेमकं लिहिलं होतं, की समुद्र न पाहिलेली पार्बताबाई जहाजाच्या पोटात पाण्याची पिंपं कुठे आणि तोफांची दारू कुठे ते न चुकता सांगे.

"शेषरावभाऊ, तुमच्या गोष्टीतल्या लढाईत जहाजावरच्या त्या गोलंदाजाचा हात गेला. मंग त्याले जहाजावरून काढलं काय?"

"नाही."

"मंग मोजला किती? अर्धा?"

शेषराव उत्तर द्यायला गेला, तोच त्याला जहाजावरच्या हजेरीचे आकडे आठवले. त्यानं पुस्तक आणलं, दोन पानं शोधली आणि काडीनं मातीत आकडे मांडले.

"लढाईआधी जहाजावर अडीचशे हात. अकरा माणसं मेली, त्यांचे बावीस. गोलंदाजाचा एक. तेवीस गेले, तं दोनशे सत्तावीस उरायले पायजेत. पण दुसऱ्या सकाळच्या हजेरीत दोनशे एकोणचाळीस लिहिले आहेत. म्हणजे अकराच कमी झाले."

"चुकली असंल बाई," मुकादम म्हणाला.

"जिनं तोफेच्या दोराची जाडीसुद्धा लिहिली, ती वजाबाकी चुकंल?" शेषरावानं पुस्तक मिटलं. "चुकलो मी. इंग्रज कामाच्या माणसालेच हात म्हणतात. जहाजावर तसंच अन् गिरणीतही तसंच. एक माणूस, एक हात. गोलंदाज एक हात होता, एकच राहिला."

"बाप्पा! मंग हाताले काय म्हणतात?"

"त्यालेही हातच."

मुकादमानं कपाळाला हात लावला. "म्हणजे चाळीस बाया? उरलेल्या एकोणीस कुठून आणू?"

"त्या उद्या शोधा. ही तं उभीच आहे."

मुकादमानं पार्बताबाईकडे पाहिलं. "बस. पण सांजच्याले साफ केलेल्या कापसाचा काटा होईल. सात शेराच्या खाली भरली, तं पुस्तक काय, पोथी आणली तरी ठेवणार नाही."

ती रांगेच्या टोकाला बसली. पाटी दोन गुडघ्यांत धरली, कापसाचा पुंजका पायाच्या अंगठ्याखाली दाबला आणि उजव्या हातानं पाला ओढायला लागली. दुपारी शेषरावानं पुढचं प्रकरण सांगितलं. जहाज बंदराला लागलं. बायांनी नांगराचं वजन विचारलं. ते पुस्तकात होतं.

सांजेला शेषरावानं स्वतः काटा धरला.

वीस बायांची सरासरी : नऊ शेर. पार्बताबाई : पावणेनऊ शेर.